काट्याला न दिसलेला मणी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही दीड वर्षांचे आहात. तुम्हाला कापडी झोळीत बसवून वाशाला टांगलं आहे. पाय लोंबताहेत, भोवती बायांची गर्दी आहे, आणि डोक्यावर एक गोल पांढरा चेहरा. त्यावर एकच काळा काटा थरथरतो आहे.

तो चेहरा माझा. मी एक जुना वजनकाटा आहे. सिल्वासाजवळच्या सायली गावच्या अंगणवाडीत मी बारा वर्षं लटकलो. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. अक्कल म्हणाल तर तेवढीच. भार वाढला की काटा पुढे जातो आणि बघणाऱ्यांचे चेहरे खुलतात. त्या कौतुकाची मला सवय लागली होती.

१९९२ साली केसरबाई खानवेलहून सायलीला राहायला आली. तिचा नवरा मंगेश सुताच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करायचा. गावी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी सगळ्यांच्या ताटात असे. इथे चाळीच्या खोलीत नुसता भात शिजे. थोरली मनीषा चौथीत होती. धाकटा अनंत अंगावरचं दूध तुटल्यापासून पेजेवर होता.

सप्टेंबरात अनंत माझ्या झोळीत बसला. एका महिन्यात आठशे ग्रॅम वाढ!

"काय गं केसरबाई, पोरगं भलतंच सुटलं! कारखान्याचं तेल पाजतेस की काय?" अंगणवाडीच्या सुलभाताई हसल्या.

"नजर नका लावू, ताई." केसरबाई लाजली.

"आणि शहाणा किती! रडणं नाही, हलणं नाही."

"तो घरी पण खेळत नाय, ताई," मनीषा म्हणाली.

"झोप आली असेल. चला, पुढचं बाळ आणा."

वाढीच्या तक्त्यावर ठिपका पडला. मी खोटं बोललो नव्हतो; वजन वाढलंच होतं. पण ते कशाचं, हे मला कोणी विचारलं नाही, आणि मला सांगताही आलं नसतं.

आठवड्याने मेधा नर्सबाई आल्या. त्यांनी अनंतच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हे बाळसं नाही, केसरबाई. सूज आहे. याला डाळ देतेस का?"

केसरबाईने त्याचं पाऊल पदराने झाकलं. मनीषाच बोलली, "वरण बाबांच्या डब्यात जातं."

"ते बारा तास मशीनवर उभे असतात, बाई," केसरबाई पुटपुटली. "हा तर घरीच असतो."

त्याच दुपारी अनंतला सिल्वासाच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पुढच्या खेपेला नर्सबाईंनी बायांना बसवून खेळण्यातले रंगीत मणी ओवले. मीही वरून ऐकत होतो. आपलं मांस, केस, रक्त यांतली प्रथिनं म्हणजे अशाच माळा, आणि त्यांचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. मणी वीस प्रकारचे. काहींना पाणी आवडतं, काही पाण्यापासून दूर पळतात. त्यामुळे माळ घडी घालून आपापला आकार घेते. अकरा प्रकार शरीर स्वतः बनवतं. उरलेले नऊ अन्नातूनच यावे लागतात. त्यांना आवश्यक अमिनो आम्लं म्हणतात. त्यांतलं लायसिन भातात थोडंच असतं, डाळीत भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते भात पुरवतो. एक मणी संपला, की माळ तिथेच अडते. बाकीचे मणी असून वाया जातात. रक्तातलं पाणी धरून ठेवणारी माळही मग अपुरी पडते, आणि पाणी पायांत उतरतं.

ते पाणी मी तोललं होतं, मित्रांनो. बाळसं म्हणून. माझी स्प्रिंग गंजू देऊ नका, माझा काटा पुसत जा. पण लेकराला माझ्या भरवशावर सोडू नका. त्याच्या ताटात काय पडतं, ते तुम्हीच बघा.

ऑक्टोबरच्या वजनाला केसरबाई आली नाही. मनीषा एकटीच येऊन दाराशी उभी राहिली. शेजारच्या गौरीकाकींची तान्ही सुप्रिया आता वर्षाची झाली होती. काकींनी तिला झोळीत बसवलं. माझा काटा भराभर पुढे सरकला, आणि सुलभाताईंच्या ओठांवर हसू येऊ लागलं.

मनीषा पुढे झाली. चवड्यांवर उंच होऊन तिने आपला तळहात माझ्या चेहऱ्यावर गच्च दाबून धरला. मला काही दिसेना. फक्त तिचा आवाज आला.

"काकी, काल हिला वरण भरवलं का?"