पान एक्केचाळीस, सहावी चौकट

मी तिसरा पर्याय बोलतोय. पुण्यात खराडीला एका काचेच्या इमारतीवर पृथ्वीचा निळा गोळा आणि त्याला वेटोळं घालून वर निघालेला नारिंगी बाण दिसतो ना, तोच मी. एका सॉफ्टवेअर कंपनीचा लोगो. हसू आलं तर हसा, मलाही येतं.

माझा जन्म वीस मिनिटांत झाला, डबा खाता खाता. रशीदानं मला काढलं, आणि मुद्दाम वाईट काढलं. तसा हुकूमच होता. तिच्या डिझाइन स्टुडिओचे मालक बाळ सर म्हणाले होते, "तीन पर्याय दाखवायचे. तिसरा भंगार ठेवायचा, म्हणजे पहिला उठून दिसतो. तीस वर्षं हेच करतोय मी."

तीस वर्षं एकच युक्ती. याला हे लोक अनुभव म्हणतात.

पहिल्या पर्यायासाठी मात्र रशीदा दहा दिवस सकाळी मंडईत जाऊन बसली, कारण कंपनीचं ॲप भाजीवाल्यांसाठी होतं. त्यातून निघाला लिंबांचा रचलेला ढीग, त्यातलं एक लिंबू नुकतंच कुणीतरी उचललेलं. नऊ ठिपके आणि एक रिकामी जागा, बास. त्याच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटायची. तो पास झाला की लोगोच्या नियमपुस्तिकेत पहिल्या पानावर तिचं नाव छापणार होते. विश्रांतवाडीला घरी आईला तिनं तसं सांगूनही टाकलं होतं.

बैठकीला कंपनीचे अध्यक्ष हिंदुराव आले. जमीन त्यांची, म्हणून इमारत त्यांची, म्हणून कंपनी त्यांची, म्हणून अक्कलही त्यांचीच.

"ताई, यातलं एक लिंबू कमी हाय."

"ते विकलं गेलंय, साहेब. म्हणूनच तर..."

"मग दुसरं ठेवा की तिथं! खराडीत मोकळी जागा कुणी सोडतं व्हय?"

सगळे हसले. मग त्यांचं बोट माझ्यावर आलं. "ह्यो बघा. पृथ्वी हाय, बाण हाय, वर चाललाय."

रशीदानं बाळ सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "माझंही पहिल्यापासून हेच मत होतं."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, याच्यावर माझं नाव नको."

"अगं, नाव काढलं तर त्यांना वाटेल, आपल्यालाच हा आवडलेला नाही."

"म्हणजे खरं तेच वाटेल."

"नाव राहील. विषय संपला."

पुस्तिका लिहायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. मला केवढा छापावा, भोवती किती जागा सोडावी, असले नियम. अशा पुस्तिकेत 'चुकीचा वापर' असं एक पान असतंच. ताणलेला लोगो, तिरका लोगो, रंग बदललेला लोगो, आणि प्रत्येकावर लाल फुली. तिनं तशा पाच चौकटी केल्या. सहाव्या चौकटीत मला ठेवलं. सरळ, पूर्ण रंगात, जसा आहे तसा. आणि फुली मारली.

बाळ सरांनी सही केली. हिंदुरावांनी सही केली. दोघांपैकी एकानंही आतलं पान उलटलं नाही. पाचशे प्रती छापून आल्या त्या दिवशी रशीदानं राजीनामा दिला. एक प्रत तेवढी पिशवीत घातली, आईला दोन पानं दाखवायला, नावाचं आणि फुल्यांचं.

आता मी वीस फुटांचा झालोय, रात्रंदिवस पेटलेला असतो. खाली नवीन पोरं माझ्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. पुस्तिका कपाटात पडून आहेत.

अहो, एक तरी उघडा. पान एक्केचाळीस, सहावी चौकट. पहिल्या पानावर तुमच्याच मोठ्या माणसांच्या सह्या आहेत. नियम पाळा आणि मला उतरवा.