चालण्याचं अंतर

"रोज किती चालता, आजी?" चंद्रिकाने तिसऱ्यांदा विचारलं.

"धा-बारा मैल. मेंढरं थांबली की मी थांबते." केराबाईने हातातली काठी फरशीवर टेकवली. शेजारी उभ्या असलेल्या लेकाकडे, अजिनाथकडे, तिने बघितलंसुद्धा नाही.

चंद्रिकाचं काम कागदांचं. सोलापुरातल्या त्या हाडांच्या दवाखान्यात फाइलीतली प्रत्येक गोष्ट, म्हणजे आजार कोणता, गुडघा डावा की उजवा, सांधा कसला बसवणार, हे सगळं कोडमध्ये बसवून ती विमा कंपनीला पाठवायची. केराबाईची फाइल सकाळीच परत आली होती. एक्स-रेत उजवा गुडघा पार झिजलेला आणि नोंदीत बारा मैल चाल. मग ऑपरेशन कशाला, असा कंपनीचा सवाल. आज उत्तर गेलं नाही तर मंजुरी रद्द.

"अजिनाथदादा, खाली जाऊन आधारची झेरॉक्स आणता का?"

तो जिना उतरला तशी तिने खुर्ची पुढे ओढली. "आता खरं सांगा."

केराबाई दाराकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एक वावर वलांडंस्तवर बसावं लागतंय. कोकरू मागं राह्यलं तर वाकून उचलाया येत न्हाय. पर ह्येला नगं सांगू, लेकी. झेपंना म्हनलं की इकतोय मेंढरं. पाय नीट झाला की मी हायच की त्यांच्यामागं."

"नाही सांगत."

सकाळी आपल्या लहानग्या काव्याला सासूबाईंकडे देऊन निघतानाही चंद्रिका असंच, अगदी सहज म्हणाली होती, आत्ता येते.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, नवी नोंद लिहिली: शंभर पावलांपुढे चालता येत नाही. चंद्रिकाने कोड भरले, प्रिंट काढली आणि तळाशी तिची नजर अडकली. नातेवाइकाची सही. चार वर्षं रोज बघितलेली ओळ. शब्द देताना तेवढी आठवली नव्हती.

नुसता आजींचा अंगठा चालेल का, तिने विमा कंपनीला फोन करून विचारून बघितलं. नाही चालणार.

अजिनाथने बोट ठेवून वाचलं. परत वाचलं.

"शंभर पावलं, आये?"

केराबाई चंद्रिकाकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. अजिनाथने सही केली.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी केराबाई तपासणीला आली ती ताठ चालत. हातात काठी नव्हती.

रकाना भरायचाच होता. "आता किती चालता, आजी?"

"कितीबी चालंन की." ती हसली. "पर कुनामागं?"

"माझं चुकलं, आजी."

"ऱ्हाऊ दे. ल्ही तुजं."

चंद्रिकाने लिहिलं, मर्यादा नाही.

केराबाई निघाली. अजिनाथ पुढे दार धरून उभा होता. ती चार पावलं चालायची, थांबायची, वळून मागे बघायची. उजवी मूठ अजून काठी धरल्यासारखी अर्धी मिटलेली होती.