खांद्याच्या वर

वरच्या फळीवरचा तो पितळी डबा तेवढा खाली आणायचा राहिला होता, आणि संहिताचं लक्ष सकाळपासून पुन्हा पुन्हा तिथंच जात होतं. बाकी सगळं स्वयंपाकघर नवऱ्यानं, रघुनंदननं, तिच्या कमरेच्या उंचीवर आणून ठेवलं होतं – चहा, साखर, डाळी, अगदी देवाच्या वातीसुद्धा – आणि वर विचारायचा, "आता सोपं झालं ना?" सोपं! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, आणि लगेच स्वतःची लाजही वाटायची, कारण माणूस भला होता.

उजव्या दंडातलं हाड कॅन्सरसकट काढून तिथं धातूचं बसवलं त्याला दोन वर्षं होत आली. हात वाचला हेच खूप – मल्लेश्वरमातल्या यच्चयावत नातेवाइकांनी हे तिला ऐकवलं होतं. वाचला, खरंच वाचला. बोटं पहिल्यासारखी चालत होती, पोळ्या लाटत होती, ऑफिसात कीबोर्ड बडवत होती... फक्त दंड अंगापासून वर उठत नव्हता. हात समोरच्याच्या हनुवटीपर्यंत जायचा आणि तिथं हट्टी म्हशीसारखा अडून बसायचा. आता यात कुरकुर कसली करायची? पण मी करतेच आहे... दिवसभर, मनातल्या मनात.

आज श्रावणातला शुक्रवार. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येणार, आणि कुंकू लावायचं ते उजव्याच हातानं. गेल्या वर्षी सासूबाईंनी "तू बस गं, मी लावते" म्हणून करंडा तिच्या हातातून काढून घेतला होता. प्रेमानंच. यंदा तिनं तो मागून घेतला, आणि तेव्हापासून घरभर येरझाऱ्या घालत होती. घेतला खरा – पण नाही जमलं तर? तर तो कायमचा सासूबाईंकडे जाणार, आणि आपण घरातली सून असून कोपऱ्यात बसून पाहुण्यांसारखं बघत राहणार.

पहिल्या आल्या त्या शेजारच्या कानडी कमलाक्का. संहितानं बोट कुंकवात बुडवलं मात्र, त्यांनी झटकन वाकून कपाळ थेट तिच्या हाताशी आणलं. लावायचं की झालं... पण तिच्या तोंडून भलत्याच चढ्या आवाजात निघून गेलं, "वाकू नका हो, अक्का!"

सासूबाई चमकल्या. "अगं, तुझ्यासाठीच वाकल्या ना त्या..."

"म्हणूनच."

कमलाक्का ताठ झाल्या. "सरी, बरं," त्या म्हणाल्या, "स्वल्प वेळ लागला तर लागू दे. मी उभी आहे."

डाव्या तळव्यानं तिनं उजवं कोपर खालून उचललं. हात वर गेला, हनुवटीशी अडला... सासूबाई पुढे सरकल्याची चाहूल तिला लागली. जमेल का, ठाऊक नव्हतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच समोरचं माणूस वाकत नव्हतं, मदतीला धावत नव्हतं – तिच्या हाताची वाट बघत होतं. तिला रडू येईलसं वाटलं, रागही आला. आणि कळेना, की इतके दिवस आपण हेच मागत होतो, की याच गोष्टीला सगळ्यात जास्त भीत होतो.