जळालेला पहिला इंच

मित्रांनो, मी शिलाईची एक जुनी टेप आहे आणि बरीच वर्षं मी खोटी होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर माझा पिवळा रंग आणि रांगेत उभे राहिलेले काळे आकडे बघून तुम्ही म्हणाल, काय गुणी वस्तू आहे! माझ्यावर साठपर्यंत आकडे आहेत, पण त्यात 'एक' नाही. माझा पहिला इंच जळाला. बाकी सगळी गोष्ट त्या एका इंचाची आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. कांजूरमार्गच्या एका दुकानातून रत्नप्रभाने मला घरी आणलं, तिथून पुढचं सगळं आठवतं. ती तेव्हा मालवणकडून लग्न होऊन आलेली नवी नवरी होती. खिडकीजवळ शिलाई मशीन आणि त्याच्या दांडीवर मी, असा आमचा संसार सुरू झाला. हळूहळू ती सगळ्या इमारतीची काकी झाली. माझ्या गळाभेटीशिवाय तिथल्या एकाही बाईचं लग्न, बारसं की हळदीकुंकू पार पडलं नाही.

माप देताना माणसं किती खोटं वागतात, ते मला विचारा. बायका पोट आत ओढतात, श्वास कोंडून धरतात आणि वर म्हणतात, "काकी, जरा फिटिंगमध्ये शिवा हं." काकी मान डोलवी. बोटभर सैल धरून माप घेई आणि ब्लाऊज अंगाला असा बसे की ती बाई आरशासमोरून हलत नसे. "माप घ्यावं तर काकीने," असं लोक म्हणत. कौतुक काकीचं होई, पण फुगायची मीसुद्धा.

मग एका दुपारी काकी इस्त्री करत असताना दारात कोणीतरी आलं. दोन मिनिटांच्या गप्पा वीस मिनिटांवर गेल्या आणि इस्त्री माझ्या टोकावर तशीच राहिली. पहिला इंच काळा पडून आक्रसला. काकीने कात्री घेतली, एकच्या रेघेवर मला सरळ कापलं आणि कड दोऱ्याने शिवून टाकली. नवी टेप आणायला खालचं दुकान चार पावलांवर होतं, पण ती म्हणाली, "एक इंच काय तो! डोक्यात धरीन मी."

आणि तिने खरंच डोक्यात धरला. अंगावर मी सदतीस दाखवायची, काकी मोठ्याने म्हणे, "छत्तीस." कापडावर नऊ इंच हवे असले, तर ती माझ्या दहावर खडूची रेघ मारी. बारा वर्षांत तिचा हा हिशेब एकदाही चुकला नाही. मी खोटी झाले होते आणि ती मला खरं करून घेत होती. हे आम्हा दोघींशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी समोरच्या खोलीतली रेवती शिकायला येऊ लागली. तिशीतली, अंगाने बारीक, बोलायला कमी आणि हाताला भारी चलाख. काकीच्या घरचा नियम ठरलेला होता. कात्री, खडू आणि टेप काकीच्या हातात. सुईदोरा शिकणाऱ्यांच्या हातात. काकी माप घेऊन आकडा सांगे, रेवती तो वहीत लिही. कापलेले तुकडे पुढे आले की रेवती ते शिवे. आधी हूक, मग काजं, मग अस्तर, मग उरेब पट्ट्या.

उरेब पट्टी म्हणजे कापड आडवं-उभं न धरता तिरकं कापून काढलेली पट्टी. सरळ पट्टी गळ्याच्या वळणावर चुण्या घालते. उरेब पट्टी वळवाल तशी वळते. ती नेमकी वळवायला फार थोड्या बोटांना जमते आणि रेवतीच्या बोटांना ते जमलं. दोन वर्षांत ती काकीपेक्षा चांगल्या पट्ट्या लावू लागली. हे मला दिसत होतं, आणि काकीलाही. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, पण एवढं दिसण्यापुरती नजर तिला होती.

गेल्या वर्षी श्वेता मॅडम आल्या. अंधेरीला त्यांचं कपड्यांचं मोठं दुकान आहे. कितीतरी वर्षं त्या स्वतःचे ब्लाऊज काकीकडून शिवून घेत. त्यांच्या पिशवीत बाटली रंगाचं हिरवं साटीन होतं आणि पट्ट्यांसाठी राई रंगाचं. दुकानात नवे नमुने शिवणारी एक बाई त्यांना कायमची हवी होती. काकी कापडाकडे हात पुढे करणार, एवढ्यात मॅडमची नजर रेवतीच्या मांडीवरच्या ब्लाऊजच्या गळ्यावर गेली.

"हे कोणी केलं?"

"मी," रेवती म्हणाली.

"झकास! मग हा ब्लाऊज तूच कर. कटिंगपासून सगळं तुझं. गंधाली म्हणून माझं एक गिऱ्हाईक आहे, तिच्यासाठी. रविवारी तिच्या बहिणीचं लग्न आहे. चिठ्ठीवर मापं लिहिलीत. हा जमला तर नमुन्याची जागा तुझी." मग काकीकडे वळून त्या म्हणाल्या, "काकी, तुम्ही आता डोळ्यांना आराम द्या."

काकी हसली. काकीचा पुढे आलेला हात कापडापर्यंत पोचलाच नाही. तो तसाच मागे गेला आणि मशीनवरची नसलेली धूळ पुसू लागला.

रेवतीला ही जागा किती हवी होती, ते इमारतीतल्या कोणीही सांगितलं असतं. चार वर्षं ती दुसऱ्यांनी कापलेलं शिवत होती. तिला स्वतः कापायचं होतं. तिच्याकडे स्वतःची टेप होती, प्लास्टिकची, कुठल्याशा सुयांच्या पाकिटाबरोबर फुकट आलेली. पण दुसऱ्या दिवशी ती काकीसमोर येऊन उभी राहिली आणि वाकून म्हणाली, "काकी, माझं पहिलं कटिंग आहे. तुमच्याच टेपने करते. तुमचा आशीर्वाद म्हणून द्या."

मित्रांनो, इतक्या मानाने मला आजवर कोणी मागितलं नव्हतं. काकीने मला गळ्यातून काढलं. दोन बोटांभोवती गुंडाळलं. मला वाटलं, आता सांगेल. एक वाक्य तर होतं.

"घे," काकी म्हणाली.

रेवतीने काकीच्याच खोलीत जमिनीवर साटीन पसरलं. काकी खाटेवर बसून बघत होती. आणि सूचना देत होती, एकाहून एक खऱ्या.

"साटीन सरकता गो, खाली वर्तमानपत्र घाल."

रेवतीने घातलं.

"टाचण्या कडेला लाव. मध्ये टोचलंस तर भोक कायमचं."

रेवतीने कडेला लावल्या.

"इस्त्री करताना पाणी मारू नको, डाग पडतत."

रेवतीने मान हलवली, माझं टोक कापडाच्या घडीवर ठेवलं आणि माझ्या नऊवर खडूची रेघ मारली. ते आठ इंच होते. मी ओरडले असते, पण टेपला आकडे असतात, तोंड नसतं. तोंड होतं ते खाटेवर बसलं होतं. काकीने त्या रेघेकडे पाहिलं. तिचे ओठ हललेही. "कात्री धारेची आहे ना बघ," ती म्हणाली. एका भागात एक इंच गेला. ब्लाऊजचे चार भाग. कात्री धारेची होती.

पुढचे तीन दिवस मी रेवतीच्या गळ्यात होते. खरं सांगते, इतकं देखणं काम मी जन्मात पाहिलं नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत राई रंगाच्या पाच बारीक उरेब पट्ट्या, वर जवळजवळ आणि खाली पसरत गेलेल्या, हातपंख्याच्या घडीसारख्या. कुठे सुरकुती नाही, कुठे टाका दिसत नाही. पट्ट्यांची रुंदी तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून त्यावर बेतली होती आणि तो तुकडा लेकीच्या शाळेच्या फूटपट्टीने मोजला होता. म्हणून त्या बिनचूक उतरल्या. त्यांच्याशी माझा संबंध आला नव्हता. शिवून झाल्यावर रेवतीने खात्रीसाठी एकेक भाग पुन्हा मोजला. नऊ, नऊ, नऊ, नऊ. मोजला कशाने? माझ्यानेच.

शुक्रवारी रेवतीने बसने अंधेरी गाठली. मी तिच्या पिशवीत होते. गंधाली ब्लाऊज घालून पडद्याबाहेर आली, पण पाठीमागे हूक आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.

"अगं, श्वास घेता येत नाहीये मला," गंधाली म्हणाली. "परवा लग्न आहे. वाट लागली ना यार!"

श्वेता मॅडमनी स्वतःची टेप काढून ब्लाऊज मोजला. "बत्तीस. चिठ्ठीवर काय लिहिलंय? छत्तीस. रेवती, छत्तीस वाचता येतं ना तुला?"

"मॅडम, मी काकींच्याच टेपने..."

"काकींचं नाव मध्ये आणू नकोस हां. इतकी वर्षं मला शिवून देतायत त्या. एक सूत इकडचं तिकडे झालं नाही."

"शिवण थोडी उसवून बघते..."

"साटीन आहे ते. उसवलं की भोकं दिसणार. आणि या पट्ट्या कुठे सरकवशील?" पट्ट्यांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. त्यांचा आवाज जरा खाली आला. "हात आहे गं तुझा. पण कटिंग येत नाही, तर नमुन्याला कशी बसवू तुला?"

रेवतीने ब्लाऊज घडी घालून पिशवीत ठेवला. तो माझ्या अंगावर आला. थंड आणि गुळगुळीत. मला त्याची लाज वाटली.

संध्याकाळी तिची लेक अबोली गणित करत बसली होती. रेवतीने तिची फूटपट्टी उचलली आणि मला शेजारी लावलं. पट्टीवर बारा आले, तिथे माझ्यावर तेरा होते. तिने तीनदा लावून पाहिलं.

"आई, टेप चुकीची आहे की पट्टी?" अबोलीने विचारलं.

"पट्टी शाळेची आहे, बाळा," रेवती म्हणाली आणि मला मुठीत घेऊन समोरच्या खोलीत गेली.

काकी मेथी निवडत होती.

"काकी, यात एक इंच नाही."

"तेका किती वर्षं झाली."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"माका वाटला, तुका म्हायत असतला."

"चार वर्षं तुम्ही छत्तीस म्हणालात आणि मी छत्तीस लिहिलं. मला कसं माहीत असणार?"

काकीने मेथीची एक काडी मोडली. "तू विचारलंस नाय," ती म्हणाली.

रेवती रडली नाही, भांडलीही नाही. काकीनेच शिकवल्याप्रमाणे तिने मला दोन बोटांभोवती नीट गुंडाळलं आणि मशीनवर ठेवलं. जाताना ती नेहमी पाया पडायला वाकायची. त्या दिवशी वाकली नाही.

रेवती आता अंधेरीच्या एका कारखान्यात तयार शर्टांच्या घड्या घालते. कॉलरखाली पुठ्ठा सरकवते, टाचण्या लावते. सुईदोऱ्याला हात लावत नाही, असं अबोली सांगते. काकीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिला आता लख्ख दिसतं, पण पट्ट्या लावायला कोणी नाही. तिचा स्वतःचा हात वयाने थरथरतो. गिऱ्हाइकं एकदा येतात, पट्टीवरच्या चुण्या बघतात, कौतुकाचं काही बोलत नाहीत आणि परत येत नाहीत.

एकदा मशीनखाली झाडताना काकीला त्या हिरव्या साटीनची चिंधी सापडली. तिने ती मांडीवर सपाट केली. मग तिने चिंधीची दुहेरी घडी घातली, नेमका एक इंच कापला आणि माझ्या टोकाला जोडला. कापऱ्या हाताने तिला पुरी दुपार लागली. मला घेऊन ती समोरच्या दाराशी गेली. रेवतीने दार उघडलं.

"पुरो केलंय गो मी," काकी म्हणाली. "आता बरोबर आसा. तुझ्याकडे ठेव."

रेवतीने माझं हिरवं टोक अंगठ्याने चाचपलं. टाके वाकडे होते. "आता मला लागत नाही, काकी," ती म्हणाली. तिने मला परत दिलं आणि दार लावून घेतलं. आवाज न करता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी काळजी घ्यायला सांगायचं असतं. सांगते. टेप इस्त्रीजवळ ठेवू नका, वर्षातून एकदा फूटपट्टीला लावून बघा. पण माझा राग इस्त्रीवर नाही. जळालेल्या इंचाने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं, बारा वर्षांत एकदाही नाही. तुमच्याकडे कोणी विश्वासाने काही मागायला आलं, तर त्यातली खोट आधी सांगा. तीन खऱ्या सूचना देऊन चौथी गिळू नका. गिळलेली सूचना मागून सांगता येते, पण तोवर कापड कापलेलं असतं.

मी आता खिळ्याला टांगलेली असते. टोकाला हिरवा साटीनचा इंच आहे, त्यावर आकडा नाही. काकी कधीमधी मला खाली काढते, फूटपट्टीला लावते आणि पुन्हा टांगते. बारावर बारा येतात. माझं माप आता अगदी बरोबर आहे. मला मागायला कोणी येत नाही.