नऊपैकी तीन नमुने

शांभवीने सोमवारी सकाळी माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला आणि बुधवारी सायंकाळी पाचपर्यंत लेखी अभिप्राय मागितला.

"अज्जा, कौतुक नको हाय," तिने आधीच बजावले. "कौतुक करायला आमची अख्खी मित्रमंडळी बसलीय. तुम्ही कास्टिंग तपासायचा तसं तपासा."

शांभवी ही माझे दिवंगत सहकारी बसाप्पा यांची नात. त्यांचे घर गडहिंग्लजचे. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालत असल्याने आजोबांचा मित्र म्हणून मीही तिचा अज्जाच झालो. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर चौतीस वर्षे मी आणि बसाप्पा एकाच फौंड्रीच्या तपासणी विभागात कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, तपासत होतो. मालकाचा फोन आला तरी आम्ही सदोष माल पुढे सोडत नसू. ही कीर्ती शांभवीच्या कानावर लहानपणापासून होती.

तिच्या चौघांच्या बँडने 'घाटातला दुसरा ट्रक' नावाचा अल्बम तयार केला होता. संगीताचा प्रकार प्रोग्रेसिव्ह रॉक. नऊ भाग, चोपन्न मिनिटे आणि सर्व भागांत मिळून एकच कथा: गुळाचा ट्रक घेऊन गगनबावड्याच्या घाटात शिरलेला एक ड्रायव्हर धुक्यात वाट चुकतो आणि समोरून दुसरा ट्रक येतो. पुढचे तिने सांगितले नाही.

रविवारी या अल्बमचा पहिला जाहीर कार्यक्रम होता आणि त्यावरूनच बँडमध्ये फूट पडली होती. शांभवीचे म्हणणे, नऊही भाग सलग वाजवायचे, मध्ये टाळ्यांनासुद्धा थांबायचे नाही. गिटार वाजवणारा सोमेश म्हणे, लोक पंधराव्या मिनिटाला चहाला जातील. चार सुटसुटीत गाणी निवडावीत. उरलेले दोघे कुंपणावर. अखेर त्यांनी ठरवले की निवाडा मी करायचा आणि तो सर्वांनी मानायचा. बुधवारी संध्याकाळी पोस्टर छपाईला जायचे होते. दोन वर्षे खपून लिहिलेली गोष्ट अखंड ऐकवली जाणार की तिचे तुकडे होणार, हे माझ्या कागदावर अवलंबून होते.

मी काम पद्धतशीरपणे केले. हेडफोन लावला, घड्याळ समोर ठेवले, वहीत रकाने आखले. दुसऱ्या भागात ताल सात मात्रांचा आहे हे बोटांवर मोजून नोंदवले. पाचव्या भागात अकरा मिनिटे शब्दच नव्हते. सर्वत्र धुके होते. आठव्या भागात कोणीतरी रडत होते.

"आवडलं का?" माझी पत्नी पद्मजा हिने विचारले.

"मध्यम आहे."

"पोरीला चांगलं आहे म्हणून सांगा. तुमच्या खिशातलं काय जातंय?"

"तिने तपासणी मागितली आहे, आशीर्वाद नव्हे."

"लग्नानंतर माझ्या हातचं पहिलं जेवण जेवूनसुद्धा तुम्ही मध्यमच म्हणाला होता," पद्मजा म्हणाली आणि हसत आत गेली.

बुधवारी साडेचारलाच चौघे हजर झाले. पद्मजाने भडंग आणि चहा ठेवला. मी उभा राहून अहवाल वाचला.

"कारागिरी स्वच्छ. ताल पक्का. कथेची सांगड लागत नाही. धुके प्रमाणाबाहेर लांबले आहे. आठव्या भागात रडणारी व्यक्ती कोण, याचा उलगडा होत नाही. एकूण दर्जा मध्यम. निवडक गाणी सादर करण्यास हरकत नसावी."

सोमेशने दोन्ही हात वर केले. "बघ! मी काय म्हणत होतो? काका, तुमच्या तोंडात साखर पडू दे!"

शांभवीने कप खाली ठेवला, बशीवर नीट, आवाज न करता. तिचा चेहरा पाहून मला क्षणभर वाटले की चौतीस वर्षांत निदान एकदा तरी खोटे बोलायला शिकायला हवे होते.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. पण अज्जा, रडणारा कोण ते कळलं न्हाय, असं कसं ओ? सातव्या भागात त्याचं नाव चारदा घेतलंय की."

"सातवा माझ्या नमुन्यात नव्हता."

"नमुन्यात?"

मी वही तिच्यापुढे सरकवली. "नऊ नगांच्या लॉटमधून तीन नग. दुसरा, पाचवा, आठवा. समान अंतराने निवडले, म्हणजे पक्षपात नको."

सोमेशचाच चहा नाकातून बाहेर आला. ड्रम वाजवणारी अस्मिता भिंतीला टेकून खाली घसरली. पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"अज्जा!" शांभवी ओरडली. "हा लॉट न्हाय! नऊ नग न्हाईत हे. एकच नग हाय, चोपन्न मिनिटांचा! एका कास्टिंगचे तीन कोपरे बघून कधी पास-नापास केलात का?"

एखाद्या शिकाऊ तपासनीसाने माझ्यासमोर असा अहवाल ठेवला असता तर मी तो त्याच्यादेखत फाडला असता. म्हणून मी माझा अहवाल फाडला आणि म्हणालो, "बसा. आता सलग."

पोस्टरवाल्याला फोनवर थांबायला सांगितले. स्पीकर लावला. पहिल्या भागात गूळ भरला गेला, तिसऱ्यात ड्रायव्हरने घरी फोन केला, चौथ्यात घाट सुरू झाला. पाचव्यात धुके आले आणि या वेळी मला ठाऊक होते की त्या धुक्यात एक माणूस आहे आणि त्याची बायको जागी आहे. सातव्यात दुसरा ट्रक समोर आला. तो चालवणारा हाच ड्रायव्हर होता, वीस वर्षांनी लहान, पहिल्यांदाच घाट उतरणारा. आठव्यात थोरला धाकट्याला पाहून रडला. नवव्यात दोघांनी एकमेकांना हॉर्न दिला आणि वाट मोकळी केली.

पद्मजा डोळे पुसत होती. "इतका वेळ गूळ पावसात भिजला असेल हो," ती म्हणाली. त्यावर चौघेही पुन्हा हसत सुटले.

"आता बोला, अज्जा," शांभवी म्हणाली. तिने मांडीवर हात घट्ट धरून ठेवले होते.

मी नवा कागद घेतला. खोटे बोलायचे नव्हते आणि आता त्याची गरजही नव्हती.

"उलगडा झाला. धुके तरीही तीन मिनिटांनी जास्तच आहे. शेवटच्या भागात गिटार स्वतःवरच खूश होऊन थांबायचे विसरते."

"काका, हे वैयक्तिक झालं!" सोमेश म्हणाला.

"एकूण दर्जा मध्यमच," मी पुढे वाचले. "उठून नाचावे असे मला वाटले नाही. मात्र मध्ये उठावे असेही एकदाही वाटले नाही. तीन तुकडे ऐकून मी जो मूर्खपणा केला, तो प्रेक्षकांकडून करवून घेऊ नये. निर्णय: सलग वाजवावे. तोडल्यास नापास."

शांभवीने किंचाळत पद्मजाला मिठी मारली, मग अस्मिताला, आणि मग जवळच उभ्या असलेल्या सोमेशलाही. तो एवढा गोंधळला की त्याने निर्णयाविरुद्ध अपील करायचे सोडून दिले. तेवढ्यात तिने पोस्टरवाल्या आदर्शला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"लिहून घे. घाटातला दुसरा ट्रक. सलग चोपन्न मिनिटं. त्याखाली लिही, तज्ज्ञ तपासणीत दर्जा मध्यम."

"मध्यम?" पलीकडून आवाज आला. "ताई, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? सगळी दुनिया सुपरहिट लिहितीय!"

"म्हणूनच. आमच्या अज्जांचं मध्यम हाय ते. त्यांच्याकडनं ह्याच्या वर अजून कोण गेलेलं न्हाय."

मी हरकत घेण्यासाठी तोंड उघडले, पण आठवून पाहिले तर ते खरेच होते. पद्मजाही मान डोलावत होती.

"बरं बाई," आदर्श म्हणाला, "अक्षर केवढं ठेवू?"

"बँडच्या नावाएवढं," शांभवी म्हणाली.