टॅडची बॅटरी, माझा ट्रान्समीटर

टॅड नाकाशिगे गेला तेव्हा त्याची बायको रूबी हिने स्मरणसभेत बोलायला मला सांगितलं. माझ्यापेक्षा बरं बोलणारे पुष्कळ होते, पण ते सगळे टॅडच्या आधीच गेले होते.

टॅड आणि मी टॉरन्स गावातल्या एका कंपनीत उपग्रहांचं इलेक्ट्रॉनिक्स करत म्हातारे झालो. त्याच्याकडे वीज, माझ्याकडे रेडिओ. म्हणजे त्याने साठवायची आणि मी उधळायची. साठच्या दशकाच्या शेवटी आमचा दोघांचा पहिला उपग्रह वर गेला आणि दोन-तीन महिन्यांतच मुका झाला. चौकशी बसली. टॅड मला म्हणाला, ट्रान्समीटर गेला. मी म्हणालो, बॅटरी गेली. वर जाऊन बघणं कुणालाच शक्य नव्हतं, तेव्हा समितीने आम्हा दोघांनाही सोडून दिलं. आम्ही मात्र एकमेकांना सोडलं नाही.

पुढे आम्ही कितीतरी उपग्रह केले आणि ते नीट चालले. त्यांच्याबद्दल आम्ही कधी चकार शब्द बोललो नाही. निवृत्तीनंतर दर गुरुवारी शेजारच्या गार्डिना गावात नाश्त्याला भेटायचो. टॅड भात, अंडी आणि सॉसेज मागवायचा, मी पॅनकेक. "डेल, तुझा ट्रान्समीटर अजून गप्पच का रे?" हे त्याचं गुड मॉर्निंग. मग मी कागदी रुमालावर सर्किट काढून त्याची बॅटरी कशी मेली असणार ते सिद्ध करून दाखवायचो. तो लक्ष देऊन ऐकायचा आणि त्याच रुमालाने तोंड पुसायचा.

घरी माझी कीर्ती याहून बेताची. गॅरेजचं दार बिघडलं की माझी बायको अर्लीन मला न सांगता दुरुस्तीवाल्याला बोलवायची. मी आधी हात लावला तर दोन माणसं लागतात, हा तिचा अनुभव.

टॅडला जाऊन आठवडा होतो न होतो तोच आयरीन पोलकचा फोन आला. ती आमची त्या वेळची साहेब. आता नव्वदीला टेकली आहे, पण घराच्या छपरावर अँटेना लावून जगभरचे आवाज ऐकत बसते.

"डेल, बसलायस ना?"

"या वयात मी दुसरं काय करतो?"

"आपला मुका बोलायला लागलाय."

आधी तो कॅनडातल्या कुणा हौशी रेडिओवाल्याला ऐकू आला होता. मग आयरीनने स्वतः ऐकून खात्री केली. बिघडलेली बॅटरी इतकी वर्षं सगळी वीज गिळत बसली होती. शेवटी ती आतूनच तुटली, वाट मोकळी झाली, आणि सौर पट्ट्यांची वीज थेट माझ्या ट्रान्समीटरला मिळाली. ऊन असेल तेवढा वेळ तो बोलतो, सावलीत गेला की गप्प.

"म्हणजे बॅटरीच होती," मी म्हणालो.

"बॅटरीच होती."

फोन ठेवला आणि लगेच टॅडला लावायला घेतला. अर्धा नंबर दाबल्यावर आठवलं. मग बराच वेळ मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभा होतो. अर्लीनने येऊन तो माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला.

स्मरणसभा गार्डिनाच्या बौद्ध मंदिरात होती. मी भाषणाची तालीम आरशासमोर केली होती. मी ही बातमी मोठ्या मनाने सांगणार होतो. टॅड किती गुणी इंजिनियर होता ते आधी, आणि मग हळूच, जाता जाता, बॅटरी. प्रत्यक्षात गुणी इंजिनियर दोन वाक्यांत आटोपला आणि बॅटरीवर मी इतका रंगलो की पुढच्या रांगेतल्या टॅडच्या बहिणीने घड्याळ पाहिलं.

"आणि आज," मी शेवटी म्हणालो, "तो ट्रान्समीटर ठणठणीत आहे."

मागून आयरीनचा आवाज आला. ऐकायला कमी येत असल्यामुळे ती नेहमीच मोठ्याने बोलते. "पण डेल, तीन वर्षांनी तो कायमचा बंद व्हायचा होता ना? बंद करणारं ते न चाललेलं घड्याळ कुणी केलं होतं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी," मी म्हणालो.

आधी रूबी हसली. तिला पाहून बाकीच्यांनाही हसायची मुभा मिळाली. टॅडची बहीण तर डोळे पुसायला लागली. त्या सभेत माझ्या भाषणाएवढी दाद कुणालाच मिळाली नाही, आणि ती मिळाली ती मी खाली बसताना.

मंदिराच्या मागच्या हॉलमध्ये जेवण होतं. बटाट्याचं सॅलड वाढून घेत असताना रूबी शेजारी येऊन उभी राहिली.

"टॅडला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बॅटरीच गेली ते. चौकशी चालू असतानाच त्याचा अंदाज होता. समितीला एकट्याने जाऊन सांगितलंही होतं त्याने. पुरावा नाही म्हणून त्यांनी लिहून घेतलं नाही."

"मग माझ्याशी इतकी वर्षं भांडला कशाला?"

"नाहीतर तू दर गुरुवारी काय बोलला असतास? गुडघ्यांबद्दल?"

मी सॅलड जरुरीपेक्षा जास्त वाढून घेतलं.

"मला ऐकायचाय तो उपग्रह," रूबी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयरीनला आणि तिच्या हातात धरायच्या छोट्या अँटेनाला घेऊन आम्ही पालोस व्हर्डीसच्या कड्यावर गेलो. खाली समुद्र, वर अजून थोडा उजेड. आयरीनने आकाशाकडे अँटेना रोखली, आणि खरखरीतून एक बारीक, कापरी शिट्टी येऊ लागली. चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती.

"सूर धरवत नाही त्याला," रूबी म्हणाली.

"म्हातारा झालाय. आणि नुसत्या उन्हावर चाललाय."

ती डोळे मिटून ऐकत राहिली. शिट्टी मधेच तुटली.

"काय झालं?"

"पृथ्वीच्या सावलीत गेला. बॅटरी नाही ना."

"हं," ती म्हणाली, "हे माझ्या नवऱ्याचं."

"हो."

"आणि पुन्हा उजेडात आला की परत सुरू होईल, ते तुझं."

"हो."

येताना गाडीत ती म्हणाली, "डेल, बॅटरी नेमकी कशी गेली, ते मला एकदा नीट समजावून सांग. टॅडने कधी सांगितलं नाही."

इतक्या वर्षांत मला कुणी असं आपणहून विचारलं नव्हतं. मी घसा साफ केला आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. पहिल्या सिग्नलला आयरीन झोपली, दुसऱ्याला रूबी. मी मात्र पूर्ण सांगितलं.