विहाराची वर्गणी

२०१४ च्या लोकसभेची आचारसंहिता लागली आणि केशोरीच्या खुशालच्या कापडी पिशवीला एकदम किंमत आली. खुशाल विहार समितीचा खजिनदार. बुद्धपौर्णिमेला विहारात मूर्ती बसवायची म्हणून एकशेबारा घरांतून एकसष्ट हजारांची वर्गणी जमली होती. ती घेऊन तो नागपूरला मूर्तिकाराकडे निघाला, तर नाक्यावर निवडणुकीच्या तपासणी पथकाने बस थांबवली.

"पन्नास हजारांच्या वर रोकड. कागद दाखवा," फौजदार म्हणाला.

खुशाल मनात खूश झाला. हिशेबाचा पक्का माणूस तो! त्याने वर्गणीची वही पुढे केली. वॉर्डवार नावं, नावापुढे रक्कम, रकमेपुढे सही नाहीतर अंगठा.

फौजदाराचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला. "पैसे वाटायची इतकी स्वच्छ यादी उभ्या नोकरीत पाहिली नाही!"

"वाटाचे नाही जी! लोकायनंच देल्ले हायेत!"

"ते तालुक्याची निवडणूक समिती ठरवेल. आम्ही काही घेत नाही, कायद्याने सांभाळून ठेवतो."

पैसे जप्त झाल्याची बातमी खुशालच्या आधी गावात पोचली. तोंडावर कोणी बोललं नाही, पण तो पानठेल्यावर आला की गप्पा थांबत. वीस वर्षं एक पैसा इकडचा तिकडे न केलेल्या माणसाला हे फार लागलं. जेवण जाईना. शेवटी शेजारची पार्वताबाई ओरडली, "रडून काऊन राहिला गा? चाल, आमी सांगतो साहेबाले!"

सगळे तालुक्याला निवडणूक समितीच्या साहेबांकडे गेले. पैसे आपलेच, असं एकशेबारा जणांनी लिहून दिलं. साहेबांनी कायदा उलटापालटा केला आणि निकाल दिला. रक्कम ज्याची त्याला परत करावी. खुशालला नाही, कारण ती त्याची नसल्याचं आता लेखीच होतं.

मतदानाला दोन दिवस असताना गावात टेबल लागलं. साहेब वहीतून नाव पुकारत, नोटा मोजून हातात देत, अंगठा घेत. फौजदार रांग सरळ करत होता. दाराबाहेर खुशाल उभा होता आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण नोटा तशाच त्याच्या हातात ठेवत होता. तिसऱ्याच माणसाला त्याचे डोळे भरून आले.

"पार्वताबाई रामटेके, पन्नास रुपये."

पार्वताबाईने नोट उजेडात धरून पाहिली, अंगठा उठवला आणि टेबलावर वाकून हळूच विचारलं, "समजलं जी साहेब. मंग मत कोनाले द्याचा?"